आठ हंड्यांची एकच चव

रामवाडीच्या प्रविणने घरातला फ्रीजर बळकावला, त्याला येत्या चैत्रात दोन वर्षं होणार होती. बर्फाच्या ट्रेपासून दारापर्यंत आइस्क्रीमचे रिकामे डबे, आणि प्रत्येक डब्यात ग्रेव्ही. ‘घरच्या घरी हॉटेल’ नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने त्याला हे वेड लावलं होतं. बँकेतला आदर्श लिहायचा, कांदा उकडूनच घ्या. दुसरं कुणी लिहायचं, उकडलात तर मेलात, तळूनच घ्या. रोह्याच्या नूतनताई म्हणायच्या, निम्मा उकडा, निम्मा तळा. प्रविण सगळ्यांना अंगठ्याचं चिन्ह पाठवायचा आणि तिन्ही करून बघायचा. कसुरी मेथी तर तो आता झोपेतही तळहातावर चोळत असे.

त्याची बायको समीक्षा निडीची. तिच्या आईकडून वाल यायचे. ते भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा आणि डब्यात भरून ठेवायचा, ही तिची वर्षानुवर्षांची रीत. पण डबे ठेवणार कुठे? शेवटी तिने तोंड उघडलं.

“रविवारी तुमच्या ग्रुपची स्पर्धा हाय ना? ते कान्हूमामा तुमची हंडी खाऊन ‘हॉटेलसारखं’ म्हणाले, तर फ्रीजर वर्षभर तुमचा. नाय म्हणाले, तर सगळी ग्रेव्ही बाहेर आणि माझे वाल आत.”

“चालेल,” प्रविण म्हणाला. दोन वर्षांत ‘हॉटेलसारखं’ हा शब्द त्याला एकानेही म्हटला नव्हता. ‘बरंय’ म्हणायचे, ‘पोट भरलं’ म्हणायचे.

स्पर्धा नूतनताईंच्या घरी, रोह्याला. आठ स्पर्धक, सगळ्यांनी एकच पदार्थ करायचा, पनीर हंडी. परीक्षक कान्हूमामा, ज्यांनी तीस वर्षं हायवेवरच्या हॉटेलांत भट्टी सांभाळली होती.

रविवारी सकाळी आठला फोन वाजला. गडबला हायवेवर हॉटेल चालवणारा मिथुन, प्रविणचा शाळेतला मित्र.

“पव्या, मिक्सरची मोटर जळली. ग्रेव्ही वाटायला काय नाय. आणि आजच नेमक्या सात पनीर हंड्यांच्या ऑर्डरी, सगळं पार्सल. तू ग्रेव्हीच्या गप्पा हाणतोस ना, दे आता.”

“माझी ग्रेव्ही? तुझ्या हॉटेलात?” प्रविणला आपल्या कानांवर विश्वास बसेना.

“व्हय रे. आणि गंमत बघ, सातही जणांनी भांडी घरून पाठवलीत. कुणाला माझे डबे नकोत.”

या गमतीचा विचार करण्याइतकी शुद्ध प्रविणला नव्हती. मिथुन स्कूटरवर आला तेव्हा त्याने डबे स्वतःच्या हाताने पोत्यात भरून दिले. सगळ्यात खालचा एकच डबा आपल्या हंडीसाठी मागे ठेवला आणि वितळायला ओट्यावर काढला.

अकराला झाकण उघडलं. आत सोललेले वाल.

“तो माझा डबा,” समीक्षा मागून म्हणाली. “तळाशी एक लपवून ठेवला होता. हात लावायचा नाय.”

“अगं, पण माझी ग्रेव्ही?”

“ती गडबला गेली. तुम्हीच दिलीत.”

आता नव्याने करायची तर दीड तास नुसता कांद्यालाच हवा, आणि एक वाजता रोह्यात पोचायचं. प्रविणने पितळेची हंडी उचलली, मागे समीक्षाला बसवलं आणि मोटरसायकल थेट मिथुनच्या हॉटेलसमोर उभी केली.

“मिथ्या, माझ्याच ग्रेव्हीतली एक पनीर हंडी दे. बोलू नकोस कुणाला.”

मिथुनने त्याच्याकडे, मग हंडीकडे बघितलं. “तू पण?”

“तू पण म्हणजे?”

“काय नाय. सगळे डबे एकाच टोपात ओतलेत, आण ती हंडी.”

वाटेत समीक्षा म्हणाली, “पार्सलचा निकाल मी धरणार नाय.”

“ग्रेव्ही माझीच हाय ना त्यात?”

समीक्षाने नागोठणे येईपर्यंत विचार केला. “बरं, धरते,” ती म्हणाली. बाई न्यायाने वागणारी होती.

नूतनताईंच्या टेबलावर आठ हंड्या मांडल्या गेल्या. कुणी वरून साय सोडली होती, कुणी कोथिंबीर पेरली होती, आदर्शने टोमॅटोचं फूल केलं होतं. कान्हूमामांनी पहिल्या हंडीत पोळीचा तुकडा बुडवला, डोळे मिटले.

“व्हय. हॉटेलसारखं.”

टाळ्या पडल्या. दुसरी चाखून मामा म्हणाले, “ही पण हॉटेलसारखी.” तिसरीनंतर त्यांनी पाणी मागितलं. चौथीनंतर चूळ भरली. पाचवी प्रविणची. मामांनी ती दोनदा चाखली आणि नूतनताईंकडे चिमूटभर मीठ मागितलं. ते जिभेवर ठेवून बघितलं. सहावी, सातवी, आठवी. मग ते हळूच खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“नूतनबाई, कोण डॉक्टर हाय का ओळखीचा?”

“काय झालं मामा?”

“जीभ गेली माझी. मीठ कळतं, पण एका हंडीतून दुसरी वेगळी कळत नाय. आठ जणांचे आठ हात, आणि मला सगळं एकच लागतं.”

स्पर्धकांनी घाईघाईने एकमेकांच्या हंड्या चाखल्या आणि प्रत्येकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. प्रविणला तर काहीच उमजेना. आदर्शची हंडी त्याच्या ग्रेव्हीसारखी कशी? ग्रुपमधल्या प्रणिताची पण? आदर्श कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “सगळ्यांनी माझीच टीप वापरलेली दिसतेय.” त्याचं कुणी ऐकलं नाही.

“तीस वर्षं ह्या जिभेवर पोट भरलं,” मामा म्हणाले.

प्रविणला ते बघवेना. आणि त्याच क्षणी त्याला सात पार्सलं आणि सात घरची भांडी आठवली. आपण बोललो तर फ्रीजरही गेला आणि अब्रूही, हे त्याला कळत होतं. तरी तो उठला.

“मामा, तुमची जीभ शाबूत हाय. माझी हंडी पार्सल हाय. गडबवरून.”

मग आदर्श टोमॅटोच्या फुलाकडे बघत म्हणाला, “माझी पण.” मग प्रणिता. मग एकेक करत बाकीचे सगळे.

मामांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी टोपी चढवली, प्रविणची हंडी पुढे ओढली आणि पोटभर जेवले. “एकदम हॉटेल,” ते बोटं चाटत म्हणाले. “ज्यानं ही ग्रेव्ही केली ना, त्याचा हात धरून ठेवा.”

“ती ग्रेव्ही माझी हाय, मामा,” प्रविण म्हणाला.

सगळे मनमोकळं हसले. इतक्या अवघडलेपणानंतर हसायला सगळ्यांना काहीतरी हवंच होतं. “प्रविण, आता पुरे कर हां,” नूतनताई म्हणाल्या.

“खरंच ह्यांची हाय,” समीक्षा म्हणाली. त्यावर लोक आणखी हसले. नवऱ्याची बाजू बायको घेणारच.

परतताना निडीला, सासुरवाडीच्या अंगणात, प्रविणचा फोन वाजला. मिथुन.

“पव्या, काय जादू केलीस? उरलेली ग्रेव्ही गिऱ्हाइकांना घातली. दोन टेबलांनी मला बोलवून सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“म्हणाले, अगदी घरच्यासारखं. हॉटेलात बसल्यासारखं वाटलंच नाय.”

प्रविणने फोन खिशात ठेवला. समीक्षा वाट बघत होती. लपवावं असं त्याला फार वाटलं, पण तिने सकाळपासून त्याच्याशी न्यायाने वागून त्याची पंचाईत करून ठेवली होती. त्याने सगळं सांगितलं.

“हॉटेलातले घरच्यासारखं म्हणतात,” ती म्हणाली, “आणि मामा हॉटेलसारखं. मग फ्रीजर कुणाचा?”

प्रविणने खरोखर विचार केला. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. तेवढ्यात सासूबाई वालांची पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवीला खालून भोक होतं आणि वाल अंगणात सांडत चालले होते.

“जावई, ती हंडी रिकामी हाय ना?”

“रिकामीच हाय, आणि फ्रीजर पण,” प्रविण म्हणाला आणि त्याने हंडी पुढे धरली.