मोतीच्या जेवणाची सोय

प्रेमानंद गजभिये यांच्या फ्रिजमध्ये बटरस्कॉच आइस्क्रीमचा डबा होता आणि त्यात आइस्क्रीम नव्हते. हे घरातल्या दोघांना ठाऊक होते, पण उमरेडहून आलेल्या तुळसाबाईंना ते कुणी सांगितले नाही. एप्रिलच्या दुपारी एसटीतून उतरून, मानेवाड्यापर्यंत ऑटोत भाजून निघालेल्या तुळसाबाईंनी धाकट्या बहिणीच्या घरात पाय ठेवला, सरळ फ्रिज उघडला आणि डब्याचे झाकण काढले. आत अकरा पांढरे उंदीर ओळीने गोठून पडले होते.

तुळसाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी झाकण लावले, डबा बाहेर नेला, कोपऱ्यावर थांबलेल्या कचरागाडीत टाकला आणि परत येऊन दोनदा हात धुतले.

"जयवंता," त्या म्हणाल्या, "जावयाची तब्येत बरी हाय ना वं? डोक्याची इचारून राहिली."

उंदीर मोतीचे होते. मोती म्हणजे गजभियांच्या एकुलत्या एका मुलीचा, नंदिनीचा, साप. विदेशी जातीचा, चार फुटी, बिनविषारी आणि वनखात्याच्या कागदांसकट घरात राहणारा. नंदिनी जनावरांची डॉक्टर. तिला बंगळूरला नोकरी लागली, पण तिथल्या खोलीमालकिणीने सापाला नकार दिला, म्हणून सहा महिन्यांसाठी मोती आईबापांकडे आला होता. दर दहा-बारा दिवसांनी एक उंदीर कोमट पाण्यात वितळवायचा आणि लांब चिमट्याने त्याच्यापुढे धरायचा, एवढेच काम होते. गल्लीत याची वाच्यता नव्हती. कुणी विचारलेच, तर प्रेमानंद "मोती आराम करून राहिला" असे सांगत. शेजाऱ्यांनी कुत्रा समजायचा तो समजला होता आणि इतका शांत कुत्रा पाळल्याबद्दल गजभियांचे कौतुकही केले होते.

आता डबा गेला. शिवाय जयवंताबाईंनी जाहीर केले की यापुढे फ्रिजमध्ये फक्त माणसांचे अन्न राहील.

प्रेमानंद दुसऱ्याच दिवशी भैय्याजींच्या दुकानात गेले. भैय्याजी पोपट, मासे, ससे आणि सल्ला विकत.

"गोठवलेला माल पुण्याहून येते साहेब, अन या गर्मीत रस्त्यातच त्याची भाजी होते," भैय्याजी म्हणाले. "तुम्ही असं करा, घरीच पैदास करा. एक नर, दोन माद्या. तुम्हाले काहीच करा लागत नाही. जे करायचं थे उंदीरच करते."

प्रेमानंदांची चौतीस वर्षे एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली होती. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल हे सांगणे हे त्यांचे आयुष्य होते, आणि निवृत्तीनंतर सांगण्यासारखे काही उरले नव्हते. तीन पांढरे उंदीर घेऊन ते घरी आले तेव्हा त्यांची चाल तरुण झाली होती. नंदिनीच्या खोलीत त्यांनी तीन पिंजरे मांडले, प्रत्येकावर पाटी लावली आणि वेळापत्रक भिंतीवर चिकटवले. नावे त्यांच्या स्थानकावरून सुटणाऱ्या गाड्यांच्या गावांची दिली. नराचे नाव उमरेड. माद्या काटोल आणि सावनेर.

जयवंताबाई दारातच उभ्या राहिल्या. "अजी, दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो आपण. जीवहत्या करणार नाही म्हणतो. अन घरात हे मारासाठी पोसून राहिले तुम्ही?"

"मी कुठं मारतो वं? मोती मारंल. थो काही पंचशील घेत नाही."

त्यावर बराच वेळ चर्चा झाली. अखेर तडजोड ठरली. ज्या उंदराला नाव आहे, तो या घरात सापाच्या तोंडी जाणार नाही. प्रेमानंदांनी आनंदाने मान्य केले. जयवंताबाईंनी लगेच पिंजऱ्यांवरच्या तीन पाट्यांकडे बोट दाखवले.

"यांना तर नावं तुम्हीच ठेवली," त्या म्हणाल्या.

मे महिना लागला. मोती वेटोळे करून पडून होता आणि भुकेची खूण दाखवत नव्हता, म्हणून घाई नव्हती. भैय्याजींनी फोनवर सांगितले की एवढ्या उकाड्यात उंदीर टिकत नाहीत. घरात कूलर एकच होता. तो नंदिनीच्या खोलीत गेला. त्या खोलीत वाळ्याचा गार वास दरवळू लागला आणि नवराबायको पंख्याखाली ओले पंचे पांघरून पडू लागले. दोन दिवसांनी काटोलला अकरा पिल्ले झाली. त्याच आठवड्यात सावनेरला नऊ.

जयवंताबाईंनी पिल्ले पाहायची नाहीत असे ठरवले होते. त्यांनी ती पाहिली. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि एका भाच्याची लग्नपत्रिका घेऊन आल्या. त्यांच्या माहेरच्या पत्रिका भरगच्च असतात. निमंत्रक, स्वागतोत्सुक, मामा, मावश्या, आणि तळाशी चिमुकल्यांची किलबिल. चष्मा लावून त्यांनी एकेका पिल्लाला वरून क्रमाने नाव द्यायला सुरुवात केली. दादाजी, जिजाबाई, तुळसा, नवरदेव रजत, नवरी खुशी. वीस पिल्ले संपली तरी किलबिल शिल्लकच होती.

नर कोणता आणि मादी कोणती हे प्रेमानंदांना ओळखता येत नव्हते. उंदरांना येत होते. जुलैपर्यंत पत्रिका संपली आणि जयवंताबाई गल्लीतल्या नावांवर आल्या.

एका रविवारी त्या विहारात गेल्या असताना प्रेमानंदांना एक बिननावाचा उंदीर सापडला. त्यांनी तो उचलला, मोतीच्या काचेच्या पेटीत सोडला आणि पाठ फिरवून उभे राहिले. काहीच आवाज येईना म्हणून त्यांनी वळून पाहिले. उंदीर मोतीच्या अंगावरून चालत त्याच्या वेटोळ्यावर जाऊन बसला होता. त्याने दोन्ही पंजांनी तोंड धुतले आणि तो तिथेच झोपला. मोतीने डोके अंगाखाली घातले होते.

प्रेमानंदांनी नंदिनीला फोन लावला.

"बाबा, जिवंत उंदीर नका टाकू जी," ती म्हणाली. "थोच मोतीले चावंल. आधी मारून द्यावा लागते."

प्रेमानंदांनी पेटीत झोपलेल्या उंदराकडे पाहिले. आयुष्यात त्यांनी हजारो गाड्या वेळेवर सोडल्या होत्या, पण हे काम त्यांच्या हातून होण्यासारखे नव्हते.

"बाबा? हॅलो? मोती खात नसंल तर राहू द्या. या जातीचे साप महिनोन्महिने उपाशी राहतात. भूक लागली की स्वतःच सांगंल."

तेवढ्यात जयवंताबाई परत आल्या. त्यांनी पेटीत हात घातला, झोपलेला उंदीर उचलला आणि "शूरवीर" म्हणून त्याला पिंजऱ्यात ठेवले.

अशा रीतीने घरात बासष्ट उंदीर झाले. ज्याच्यासाठी ते पाळले तो खात नव्हता, आणि जे पाळत होते त्यांच्याने मारवत नव्हते. तरी वेळापत्रक चुकत नव्हते. सकाळी सहाला पाणी, सातला ज्वारी, दुपारी काकडी. प्रेमानंदांचा रक्तदाब उतरला होता. जयवंताबाई पहिल्यांदाच नवऱ्याशी एका विषयावर तासभर बोलत होत्या.

बिघडले ते ओमप्रकाशमुळे. हा एक दांडगा नर होता, आणि त्याचे नाव शेजारच्या ओमप्रकाश वैरागडे यांच्यावरून ठेवले होते. वैरागडे चौसष्ट वर्षांचे. इतवारीतले भांड्यांचे दुकान भावाकडे सोपवून ते आता घरी झाडांना पाणी घालत. त्या सकाळी ते आणि त्यांची बायको कुंपणाच्या भिंतीशी उभे होते, आणि भिंतीपलीकडच्या खिडकीतून प्रेमानंदांचा आवाज आला.

"ओमप्रकाश लय माजला वं. पाह्य, बोटाले चावला. आज त्यालेच मोतीपुढं टाकतो."

"काही बोलता जी तुम्ही," जयवंताबाई म्हणाल्या. "त्याची बायको पोटुशी हाय."

"कोणती बायको? चार घरी जाते थो. जिथं जाते तिथं लेकरं करून ठेवते."

वैरागड्यांच्या हातातला पाइप खाली पडला आणि पाणी त्यांच्याच पायावर वाहू लागले. बायको त्यांच्याकडे पाहत होती. कुत्र्याची भीती त्यांना नंतर वाटली. आधी त्यांना चार घरांबद्दल बोलावे लागले, आणि दुपारपर्यंत ते एकही घर पटेल असे नाकारू शकले नाहीत.

संध्याकाळी ते स्वच्छ शर्ट घालून गजभियांच्या दारात उभे राहिले. हातात बिस्किटांचा पुडा होता. मोतीशी आधी दोस्ती करून मग बोलावे, असा त्यांचा बेत होता.

"गजभियेजी," ते म्हणाले, "माह्याकडून काही चुकलं असंन तर तोंडावर सांगा. कुत्रा काहून सोडता अंगावर? अन लेकरांचं जे बोलले तुम्ही, थे माह्या बायकोले येऊन समजावा. घरी चहासुद्धा भेटून नाही राहिला मले."

प्रेमानंदांना सगळे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी वैरागड्यांना नंदिनीच्या खोलीत नेले. वैरागड्यांनी कूलर पाहिला, पिंजऱ्यांच्या रांगा पाहिल्या, पेटीतला मोती पाहिला आणि ते खुर्ची शोधून बसले. जयवंताबाईंनी एक जाडजूड उंदीर आणून त्यांच्यापुढे धरला.

"हे ओमप्रकाश," त्या संकोचून म्हणाल्या.

वैरागडे बराच वेळ पाहत राहिले. उंदीरही त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्यांनी पुडा फोडला आणि एक बिस्किट पुढे केले. उंदराने ते दोन हातांनी धरून खाल्ले.

"याले सापापुढं टाकनार होते तुम्ही?"

"रागानं बोललो हो."

"रागानंच टाकते मानूस," वैरागडे म्हणाले. त्यांनी उंदीर उचलून शर्टाच्या खिशात ठेवला. "माह्या नावाचा जीव मी इथं ठेवनार नाही. याची पोटुशी बायको कोणती थे सांगा. तिलेही नेतो. माह्या बायकोले दाखवा लागंल."

गोष्ट दोन दिवसांत गल्लीभर झाली आणि तिथून लग्नपत्रिकेपर्यंत पोचली. आपल्या नावाचा जीव सापाच्या घरात आहे हे कळल्यावर कुणालाच स्वस्थ बसवेना. रजत आणि खुशी जोडीने आले आणि जोडी घेऊन गेले. दादाजींनी काठी टेकत येऊन दादाजी नेला. तुळसाबाई उमरेडहून झाकणाची टोपली घेऊन आल्या, तुळसा घेतली आणि झाकण दोरीने तीन ठिकाणी बांधले. किलबिलीसाठी तर रांग लागली. काटोल मार्गावर वीस वर्षे काढलेल्या एका निवृत्त कंडक्टरने काटोल मागून घेतली. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी शूरवीरही गेला. तो विहारातल्या एका बाईंनी नेला. त्यांच्याकडे त्या नावाचे कुणी नव्हते, पण असावे असे त्यांना वाटत होते.

सोमवारी सकाळी मोतीला भूक लागली. चार महिन्यांत न हललेला साप काचेला नाक लावून वरखाली फिरत होता, जीभ आतबाहेर करत होता. प्रेमानंदांनी बासष्ट रिकाम्या जागांकडे पाहिले आणि नंदिनीला फोन केला. तिची मैत्रीण पायल नुकतीच इथल्या जनावरांच्या दवाखान्यात लागली होती; ती संध्याकाळी बर्फाच्या डब्यात एक गोठवलेला उंदीर घेऊन आली. तिनेच तो वितळवला, चिमट्याने धरला, आणि मोतीने चार मिनिटांत संपवला. जयवंताबाई तेवढा वेळ ओसरीत पाठ करून बसल्या होत्या. पायलने पुढच्या दोन महिन्यांचे जेवण आपल्या फ्रिजमध्ये ठेवायचे कबूल केले. मोतीचा प्रश्न मिटला.

कूलर पुन्हा नवराबायकोच्या खोलीत आला. प्रेमानंद सकाळी सहाला उठले, पाण्याच्या बाटल्या बदलायला गेले आणि दारातून परत फिरले. सातला ज्वारीचा डबा उघडून त्यांनी तो पुन्हा बंद केला. दुपारी त्यांनी काकडी चिरली, एक फोड मुठीत घेतली आणि शेजारी जाऊन कडी वाजवली.

मोतीला भूक लागल्याची बातमी भिंतीपलीकडे पोचली होती. खिडकीचा पडदा हलला. मग आतून वैरागड्यांचा आवाज आला.

"ओमप्रकाश घरी नाही."

प्रेमानंद थबकले. "कोणता ओमप्रकाश?"

"दोघंही नाही."

प्रेमानंद खाली वाकले. मग त्यांनी काकडीची फोड उंबरठ्यावर ठेवली आणि ते फाटकाकडे निघाले. मागे कडी सरकल्याचा आवाज झाला. दार वीतभर उघडले, त्यातून एक हात बाहेर आला, फोड आत गेली आणि दार लागले.

"मीठ लावलं का हो याले?" दाराआडून विचारणा झाली.

"नाही," प्रेमानंद म्हणाले. "सालही काढलं हाय."