तांडेलकाकांची विंग

माणूस भेटला की लोक "काय, कसं काय?" विचारतात. ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमधले तांडेलकाका विचारायचे, "तुजा वजन किती हाय रे?" पोस्टमन, गॅसवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, कोणीही सुटलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी जिन्यातच गाठलं. त्याने बिचाऱ्याने घाबरून खरा आकडा सांगितला. काका "जास्त व्हतंय" असं पुटपुटत आत निघून गेले. ते स्थळ पुढे सरकलं नाही.

काका मूळचे खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. उभी हयात गोदीत पाणबुड्याचं काम केलं. बोटींच्या पोटाखाली उतरून शेवाळ खरवडायचं, पंख्यात अडकलेले दोर सोडवायचे. पाणी इतकं काळं की स्वतःचा हात दिसत नसे. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, की लक्षद्वीपला जाऊन निळ्या पाण्यात उतरायचं. "चाळीस वर्सं चाचपडलो. आता कायतरी दिसला पायजे," म्हणायचे.

त्यासाठी गोदीतल्या कंपनीने भंगारात काढलेले श्वासाच्या हवेचे दोन लोखंडी सिलिंडर त्यांनी गॅलरीत आणून ठेवले होते. ते रिकामे समजून न्यायला गॅसवाला दर वेळी हात घालायचा आणि दर वेळी शिव्या खायचा.

आता राहिली विंग. दोन सिलिंडर पाठीवर घेतले की त्यांच्या आणि पाठीच्या मध्ये हवेची एक पिशवी बांधतात, तिला विंग म्हणतात. तीत हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. एवढंच. पण काकांना ती ठरवता येत नव्हती. त्यांचा भाचा बोटीवर नोकरीला. तो सिंगापूरहून कॅटलॉग आणायचा, आणि ते इंग्रजी कॅटलॉग वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आठवडाभर ऑफिसात मान मोडून यावं, रविवारी जेवून जरा आडवं व्हावं, तर दारात काका.

"ही घोड्याच्या नालेसारखी की ही गोल?"

"गोल घ्या, काका."

"आनि आतला फुगा येक की दोन?"

"दोन घ्या. एक फुटला तर दुसरा."

"आनि साइज?"

इथे आमचं घोडं अडायचं. लहान विंग एकट्याला पुरते. मोठी घेतली तर ती पाण्यात पदरासारखी फडफडते, पोहताना मागे ओढते. हे सगळं काकांनीच मला शिकवलेलं. मी कंटाळून म्हणायचो, "मग मधली घ्या."

"मधली कुनालाच पुरत नाय," काका म्हणायचे आणि पान उलटायचे. मग माझं वजन विचारायचे. मी वैतागून कधी साठ सांगायचो, कधी ऐंशी.

एकदा त्यांनी प्रयोगच केला. एका दुपारी, सोसायटीच्या भरलेल्या टाकीत. आमचा पाटा दोरीने बांधला, त्याला रिकामे प्लॅस्टिकचे कॅन लावले आणि किती कॅनला पाटा वर येतो ते बघायला टाकीत सोडला. दोरी सुटली. पाटा तळाशी. मग काका स्वतः पिण्याच्या पाण्यात उतरले, ते सेक्रेटरी पोचेपर्यंत वर आलेच नाहीत. सेक्रेटरी वरून ओरडत होते. काकांनी डोकं बाहेर काढून शांतपणे सांगितलं, "वर यायची घाई करायची नाय."

हे त्यांचं पालुपद. भसकन वर आलेला पाणबुड्या जिवाला मुकतो, म्हणून. पण माझं प्रमोशन रखडलं तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं. त्या दिवशी मला त्यांचा खरंच राग आला होता.

अशी दोन-तीन वर्षं गेली. दर सुट्टीत भाचा विचारायचा, काका "अजून ठरला नाय" म्हणायचे. मग एका रविवारी मी कॅटलॉग वाचत असताना तो सांगायला आला, की ही शेवटची फेरी, पुढे बोटीवर जाणार नाही. "मामा, आज सांगा. मी संध्याकाळी निघतोय. तुम्ही एकटेच जानार ना? मग लहानच बस झाली."

काका कॅटलॉग मिटून गॅलरीत गेले आणि सिलिंडरला टेकून उभे राहिले. मी मागे गेलो.

"काका, एकट्याला मोठी लागते कशाला?"

"येकटा कुनी उतरतो काय?" ते म्हणाले. "पान्यात जोडीदार लागतो. त्याची पिशवी फुटली तर आपल्या पिशवीनं दोघांना वर आनला पायजे. दामू माजा जोडीदार. लक्षद्वीपचा इषय त्यानंच काढलेला. त्याच्या वजनाचा हिशोब मी कवाच केलेला. पान्यात काय झाला नाय त्याला. काविळीनं गेला. घरी, खाटेवर."

बिल्डिंगमधल्या एकेकाचं वजन हा माणूस कशासाठी विचारत होता, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. लहान विंग मागवायची म्हणजे आता कोणी नाही हे कबूल करायचं. ते त्यांना जमत नव्हतं.

"मला पोहता येत नाही, काका," मी म्हणालो.

"म्हाईत हाय."

"आणि मी तुम्हाला वजन खोटं सांगत आलोय. मलाही नक्की माहीत नाही."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खालपासून वरपर्यंत. मग भाच्याला "हितंच थांब" म्हणाले आणि मला तसंच बनियनवर स्टेशनला नेलं. फलाटावरच्या वजनाच्या मशीनवर मला उभं केलं, नाणं टाकलं, तिकीट पडल्यावर ते स्वतः उचललं. मागे माझं भविष्य छापलेलं होतं, तिकडे त्यांनी बघितलंही नाही. आकडा दोनदा वाचून तिकीट खिशात घातलं.

"दामूयेवडाच भरलास रे," ते म्हणाले. "मोठी सांगू ना भाच्याला?"

"सांगा."

पुलाचा जिना काका दोन-दोन पायऱ्या घेत चढले. मी मागून धापा टाकत येत होतो. वरून ते ओरडले, "चल की लवकर. तो जायील ना."