डॉक्टरांनी चष्मा काढला

शहागडच्या बद्रीनाथ डॉक्टरांना रोग्याची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती रोग्याबरोबर आलेल्या माणसांची. रोगी बिचारा गुमान पडून असायचा. पण त्याच्यासोबत टेम्पोतून उतरलेली दहा-पंधरा माणसं डॉक्टरांच्या तोंडाकडे अशी टक लावून बघायची, की थर्मामीटर झटकायलाही ते त्यांच्याकडे पाठ करायचे. त्यात गावात केबल आली आणि केबलवर 'शर्थ' नावाची मालिका सुरू झाली.

मालिका एका मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागाची. पहिल्या पर्वात तिच्यातला देखणा डॉक्टर विक्रांत आलेल्या प्रत्येकाला वाचवायचा. दुसऱ्या पर्वात लेखकाचं कुठं बिनसलं कोण जाणे, दर गुरुवारी एक तरी माणूस दगावू लागला. त्याची रीतही ठरून गेली होती. दारावरचा लाल दिवा विझायचा, विक्रांत बाहेर यायचा, सावकाश चष्मा काढायचा आणि म्हणायचा, "धीर धरा." तेवढ्यावर शहागडात घरोघरी बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

बद्रीनाथ डॉक्टरांनी ही मालिका एकदाही पाहिली नव्हती. गुरुवारी संध्याकाळी दवाखान्यात चिटपाखरू फिरकत नाही, एवढंच त्यांच्या लक्षात आलं होतं.

त्या शुक्रवारी दुपारी जवळच्या वस्तीवरच्या रामकिसनला छातीत कळ आली म्हणून आणलं. बरोबर त्याची बायको सगुणाबाई, मुलगा भुजंग आणि नेहमीप्रमाणे टेम्पोभर माणसं. डॉक्टरांनी रोग्याला आतल्या खोलीत घेतलं, कुणी मधेच घुसू नये म्हणून दारावर बसवलेला लाल बल्ब लावला आणि छातीची ईसीजीची पट्टी काढली. पट्टी बघताना त्यांचं निम्मं लक्ष दारापलीकडच्या माणसांकडेच होतं. पट्टी ठीक निघाली. दुसऱ्यांदा काढली, तीही ठीक.

"काय जेवलात?" त्यांनी विचारलं.

"जास्त न्हाई," रामकिसन कण्हत म्हणाला. "बारशाला गेल्तो. बुंदी होती, भजी होती. मंग आग्रह झाला."

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. त्यांनी इंजेक्शन दिलं, जळजळीचं औषध पाजलं. तासाभरात रामकिसनला दोन दणदणीत ढेकर आले आणि तो चहा मागू लागला. मालनबाई, म्हणजे दवाखान्यातली सिस्टर, चहा करायला मागे गेली. एवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, बल्ब विझला. मे महिन्याचा उकाडा. डॉक्टर घामानं निथळत बाहेरच्या माणसांना धीर द्यायला निघाले. दार उघडून बाहेर येतात तो चष्म्यावर घामाचे थेंब, समोरचं काही दिसेना. पुसावा म्हणून त्यांनी चष्मा काढला.

सगुणाबाईनं हंबरडा फोडला.

"अहो बाई, काय झालं? धीर धरा!" डॉक्टर घाबरून म्हणाले.

झालं. 'धीर धरा' म्हटल्यावर कुणाला शंकाच उरली नाही. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. भुजंगानं भिंतीला डोकं टेकवलं.

"रडू नका! ते जिवंत आहेत!" डॉक्टर ओरडले.

भुजंगानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "खरंय डॉक्टर साहेब," तो हुंदके देत म्हणाला, "आमच्यासाठी आबा कायम जिवंतच राह्यतील."

"तसं नाही हो! खरंच जिवंत आहेत. चहा मागताहेत!"

"चहा लई आवडायचा त्यांला!" सगुणाबाईला नवीन कढ आला.

डॉक्टर वळायच्या आत भुजंग समोरच्या पीसीओत शिरलाही होता. तिथून त्यानं कुणाकुणाला फोन लावले, ते काचेतून दिसत होतं. एक फोन ठेवून दुसरा फिरवत होता, आणि प्रत्येक फोनला डोळे पुसत होता. डॉक्टरांनी धावत आतली खोली गाठली.

रामकिसन खाटेवर उठून बसला होता. "कोण गेलं वो?"

"तुम्ही!"

"मी?"

"त्यांचा तसा समज झालाय. कशामुळे ते मला कळत नाही. चला, आधी बाहेर चला, तोंड दाखवा."

मालनबाई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. "साहेब, तुम्ही चष्मा काढला व्हता का?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी हो म्हणताच तिनं कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या पर्वाची सगळी हकीकत त्यांच्या कानावर घातली. ऐकताच डॉक्टर खुलासा करायला दाराकडे वळले.

रामकिसनला मात्र भलतंच सुचलं. तो बाहेरचा आक्रोश कान देऊन ऐकत होता. "ही सगुणा," तो हळूच म्हणाला, "हा भुजंग. ही धाकट्या चुलतीची सून दिसतीय, उगंच मोठ्यानं करून राह्यली." मग तो खाटेवर पुन्हा आडवा झाला आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "डॉक्टर, एवढ्यात सांगू नका. माझा भाऊ येतो का, तेवढं बघू द्या."

"कोण भाऊ?"

"थोरला. धर्मराज. सात वर्षं झाली, माझ्याशी बोलत न्हाई. बांधावर चिंच हाय. झाड माझ्या हद्दीत, अन चिंचा झोडून नेतो त्यो. मी बोललो, तर म्हणाला, 'तू मला मेलास.' आता मेलो म्हणल्यावर येतो का न्हाई, बघू!"

"आबा, बाहेर माझा जीव जाईल!"

"जरा दम धरा. चहा द्या इकडं."

डॉक्टरांनी शेवटचा उपाय केला. भुजंगाला दंडाला धरून आत आणलं आणि म्हणाले, "बघा, तुमच्या डोळ्यांनी बघा!" खाटेवर रामकिसन डोळे मिटून, तोंड किंचित उघडं टाकून, ओंडक्यासारखा पडला होता. श्वासही रोखलेला. कप खाटेखाली गेला होता. भुजंगानं बापाच्या पायावर डोकं ठेवलं, पाय भिजवले आणि रडतच बाहेर गेला. जाताना म्हणाला, "दर्शन घडवलं, उपकार झाले." दार लागताच रामकिसननं हाऽऽ करून श्वास सोडला.

"पोरगं चांगलं निघालं," तो म्हणाला.

आता टेम्पोमागून टेम्पो येऊ लागले. एकात बांबू होते, गौऱ्या होत्या. एका म्हाताऱ्यानं पांढरं कापड आणलं होतं आणि ते मापाला कमी पडेल का, अशी चौकशी तो मालनबाईजवळ करत होता. हायवेवरचे ट्रकवालेही काय झालं म्हणून थांबले. गर्दी वाढली तशी ती रडून झाल्यावर विचार करू लागली, आणि डॉक्टरांना भीती वाटत होती ती नेमकी ह्याचीच.

"शॉक दिला का डॉक्टरनं?" कुणीतरी विचारलं.

"शॉक दिल्याचा आवाजच न्हाई आला!"

"विक्रांत तीन-तीन डाव देतो. छातीवर ठेवतो अन माणूस असा वीतभर उडतो."

"मंग ह्यानं काहून दिला न्हाई?"

"मशीनच न्हाई म्हणत्यात! बिनमशीनचा दवाखाना काढला?"

शेजारच्या पंक्चरच्या दुकानातला नजीर मागच्या खिडकीशी आला. त्याच्या हातात टायर काढायची लोखंडी पहार होती. "डॉक्टरसाब, लोगां भोत गरम होरे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पिछे से निकलना है तो बोलो, मोटारसायकल तयार है. नहीं तो कांच तो संभालो!"

डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे फुटलेल्या काचा, उलटलेलं टेबल आणि दवाखाना गुंडाळून परतूरला आईकडे जाणारा रस्ता असं सगळं एकदम उभं राहिलं. माणूस मेला म्हणून मार मिळणार. जिवंत निघाला, तर इतक्यांना रडवलं म्हणून मिळणार. त्यांनी रामकिसनपुढे हात जोडले. "आबा, पाया पडतो. उठा!"

"आला का धर्मराज?"

"नाही आला. कदाचित येणारही नाही."

इतका वेळ रामकिसनच्या तोंडावर असलेली गंमत कुठल्या कुठे गेली. तो छताकडे बघत राहिला आणि डॉक्टरांना एकदम वाटलं, हा आता खरोखरच आजारी दिसतोय. त्यांनी पटकन त्याची नाडी धरली.

"येईना का," रामकिसन सावकाश म्हणाला. "उठतो मी. लई झालं."

तो एक पाय खाली टाकतो न टाकतो तोच बाहेरचा गलबला एकाएकी बसला. गर्दी दुभंगली. डोक्याला पटका नाही, पायात चप्पल नाही, शेतातल्या चिखलानं पाय गुडघ्यापर्यंत माखलेले, असा एक उंच म्हातारा सरळ दाराशी आला. भुजंग त्याला आडवा गेला नाही. म्हाताऱ्यानं दार उघडलं नाही. दारालाच दोन्ही तळवे लावून तो उभा राहिला.

"रामाऽऽ!" धर्मराजानं हाक मारली, आणि ती हाक ऐकून ट्रकवाल्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. "पाणी सोडून आलो रे, पाण्याचं इंजिन बंद कराया बी थांबलो न्हाई. असं न सांगता कुठं निघालास? चिंच तुझी व्हती, रामा! मला पहिल्यापासून ठावं व्हतं. मोजणीवाला तेच सांगून गेला. पण तू चार लोकांत बोललास, मंग मला माघार घेता आली न्हाई. सात वर्षं चिंचा नेल्या, एकबी गोड लागली न्हाई रे! तुझी व्हती, समदी तुझी व्हती!"

आतमध्ये रामकिसनच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. त्यानं त्या चादरीनं पुसल्या, नाक शिंकरलं आणि डॉक्टरांनी अडवायच्या आत दार उघडून तो बाहेर उभा राहिला.

"ऐकलं का रे समद्यांनी?" तो गरजला. "चिंच माझी हाय!"

पुढची दोन मिनिटं काय झालं, ते नीट कुणालाच सांगता आलं नाही. कापड आणलेला म्हातारा कापड टाकून पळाला. सगुणाबाई मटकन खाली बसली, मग उठली, नवऱ्याला चाचपून पाहिलं आणि त्याच्या दंडावर दोन गुद्दे घातले. कुणीतरी ओरडलं, "डॉक्टरनं उठवला! शॉकबिगर उठवला!" आणि आत्तापर्यंत काचांकडे बघत असलेली माणसं डॉक्टरांच्या पाया पडण्यासाठी लोटली. डॉक्टर भिंतीला पाठ लावून दोन्ही हातांनी चष्मा डोळ्यांवर घट्ट दाबून उभे होते.

धर्मराज तेवढा जागचा हलला नव्हता. भावाला त्यानं डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं. एक पाऊल पुढे टाकलं. वाटलं, आता मिठी मारणार. मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"मी जे बोललो, ते मेलेल्या रामाला बोललो," तो म्हणाला. "तुला न्हाई."

"शंभर माणसांदेखत बोललास!"

"मयताच्या पुढ्यात माणूस काहीबी बोलतो. तेचं काय धरून बसतो?"

"मंग मोजणीवाला?"

"त्यो मोजणीवाला दारुडा व्हता!"

"आत्ता तर त्याचाच दाखला देत व्हतास!"

"तू मेलाच न्हाईस, तर दाखला कशाचा?"

दोघंही हातवारे करत टेम्पोपर्यंत गेले. टेम्पोत पुढे एकाचीच जागा होती, म्हणून मागे त्या बांबूंवरच बसले; एक या टोकाला, एक त्या टोकाला. आवाज चढत होते. गौऱ्यांचं पोतं मध्ये येतं म्हणून धर्मराजानं ते पायानं बाजूला सारलं आणि भावाला नीट ऐकू जावं म्हणून हातभर पुढे सरकला.

डॉक्टर गोळ्यांची पुडी घेऊन धावत टेम्पोपाशी आले. सगुणाबाई पुढे चढत होती. "जेवणानंतर एक-एक द्या," ते धापा टाकत म्हणाले. "आणि बाई, काहीही करा, पण त्यांना चिडू देऊ नका. जास्त बोलू देऊ नका. घरी गेल्यावर गुपचूप झोपू द्या."

सगुणाबाईनं मागे वळून पाहिलं. दोघे भाऊ आता एकाच बांबूवर शेजारी बसून एकमेकांच्या तोंडाशी बोटं नाचवत होते.

"आता त्यांला कोण गप करील, डॉक्टर?" तिनं पुडी पदराला बांधली. "सात वर्षांचं बोलायचं राह्यलंय."