पिकअपच्या दिव्याचा मालक

आमच्या पाणीपुरवठा खात्याच्या पिकअपमध्ये ब्रेकचा एक पिवळा दिवा पेटलेला होता. कधीपासून, हे सांगता येत नाही, कारण तो कोणी पाहिलेला नव्हता. आमच्या खात्यात बिघाड ज्याला आधी दिसतो त्याच्याच गळ्यात पडतो. पाठपुरावा त्याचा, चौकशी त्याची आणि वेळ आली तर बदलीही त्याचीच. त्यामुळे जुन्या माणसांची नजर फार शिस्तीची आहे. छत डोक्यावर गळायला लागलं तर ती खुर्ची सरकवतात, मान वर करत नाहीत. मीही याच खात्यात कारकून आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं मी फक्त ऐकलेलं आहे.

जुन्या ड्रायव्हरने पिकअपच्या मीटरवर कायम एक टॉवेल टाकून ठेवलेला असे. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी टॉवेल धुवायला काढला. स्वच्छतेची आवड माणसाला कुठे नेऊन ठेवेल, याचा नेम नाही.

"साहेब, एबीएसचा दिवा पेटलाय," तो केबिनमध्ये जाऊन म्हणाला.

साहेबांनी ताबडतोब खिडकीबाहेर पाहिलं. "कोणाला दिसला?"

"मला."

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "घरी लहान मुलं आहेत का?"

"एक मुलगी आहे. तिच्यासाठीच बोलतोय. हा दिवा पेटलाय म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा बंद आहे. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होतील आणि गाडी घसरत जाईल. आपल्या पाण्याच्या टाकीच्या उताराखाली शाळा आहे, साहेब. माझी मुलगी तिथेच रस्ता ओलांडते."

"दिवाही दिसतो, शाळाही दिसते," साहेब म्हणाले. "तुम्हाला फारच दिसतं बुवा."

तरीही माणुसकी म्हणून त्यांनी त्याला वर्कशॉपमध्ये पाठवलं. फिटरने तपासणीचं यंत्र जोडलं, त्याचा पडदा ड्रायव्हरकडे वळवला आणि स्वतः पाठ करून उभा राहिला.

"तुम्हीच वाचा. मला सांगा फक्त."

"मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरकडून सिग्नल येत नाही, असं म्हणतंय."

फिटरने डोळे मिटून चाकामागे हात घातला. "वायर घासून तुटलीय. बसल्या बसल्या जोडून देईन."

"मग द्या ना."

"देतो की. पण जोडायची तर ती तुटलीय हे आधी साहेबांनी पाहायला पाहिजे."

साहेब आले ते काळा चष्मा लावून. वर्कशॉपच्या अंधारात त्यांनी चाकापाशी वाकून बराच वेळ पाहिलं. "मला काहीच दिसत नाही," ते म्हणाले, आणि यात तसूभरही खोटं नव्हतं. मग ते सरळ उभे राहिले. "मुळात तक्रार काय? दिवा पेटला, हीच ना? मग दोष दिव्याचा. वायरमनला बोलवा."

वायरमनने दिवाच काढून टाकला. तक्रार निकाली निघाली आणि साहेबांनी ड्रायव्हरचं अभिनंदन केलं. ड्रायव्हरला आनंद कसा तो झाला नाही.

पण वाहनांची तपासणी करणारा निरीक्षक आला आणि अडून बसला. "चावी फिरवली की हा दिवा क्षणभर पेटून विझला पाहिजे. इथे तर पेटतच नाही. गाडी नापास."

पुन्हा वायरमन आला. त्याने दिवा परत बसवला आणि त्याला एक लहानसं घड्याळ जोडून दिलं. आता चावी फिरवली की दिवा पेटायचा आणि थोड्या वेळाने आपोआप विझायचा. ब्रेकशी त्याचं काही सोयरसुतक उरलं नव्हतं. निरीक्षकाने इतका नियमात वागणारा दिवा पाहिला नव्हता. ही सोय खात्याच्या सगळ्याच गाड्यांना करावी, अशी त्याने शिफारस केली आणि ती मान्यही झाली.

"वायर जोडली का?" ड्रायव्हरच्या बायकोने विचारलं.

"नाही. तुटलेलीच आहे."

"आणि दिवा?"

"दिवा एकदम ठणठणीत आहे."

दुसऱ्या दिवसापासून तिने मुलीला मागच्या गल्लीतून शाळेत पाठवायला सुरुवात केली. बाकीची मुलं उताराखालीच रस्ता ओलांडत राहिली.

एका ओल्या सकाळी साहेब स्वतः पिकअपमध्ये बसले होते. उताराखाली ड्रायव्हरने ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, आणि गाडी शाळेसमोरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून थेट पलीकडे घसरत गेली. एका आईने दोन मुलांना दप्तरांना धरून मागे खेचलं. बाकी काही झालं नाही.

साहेबांनी हळूच डोळे उघडले. "दिवा पेटलाय का?"

"नाही, साहेब."

"मग गाडीला काय झालंय? रस्ताच घसरडा आहे."

ड्रायव्हरने एकदा मागे, शाळेकडे पाहिलं. त्याची मुलगी तिथे नव्हती. ती गल्लीतून केव्हाच वर्गात पोचली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्या दिवशी आपल्याला दिवा दिसला तो बहुधा भास असावा, असं त्याने साहेबांना सांगून टाकलं. साहेबांनीही मोठ्या मनाने ते मान्य केलं. संध्याकाळी टॉवेल स्वच्छ धुऊन, वाळवून पुन्हा मीटरवर आला.

ती गाडी अजून रोज सकाळी त्या उतारावरून खाली येते. साहेबांना काही दिसलेलं नाही. फिटरने नुसतं चाचपलेलं आहे. ड्रायव्हरला भास झाला होता. मी, आधीच सांगितल्याप्रमाणे, केवळ ऐकलेलं आहे. तुम्ही मात्र हे सगळं आत्ता स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंत. साहेबांनी तुम्हाला उद्या सकाळी भेटायला बोलावलंय. येताना शाळेपाशी जरा जपून रस्ता ओलांडा.