जवाईबापूंचा सीलबंद फोन

जवायासाठी घेतलेला फोन देण्याआधी चार दिवस स्वतः वापरून पाहायचा, असं गोपाळराव भोयरांनी ठरवलं आणि तिथेच माती खाल्ली.

तसं ठरवायला कारण होतं. गेल्या वर्षी लेकीच्या, भूमिकाच्या लग्नात त्यांनी जवायाला कूलर दिला होता. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर देणं म्हणजे प्राण देण्यासारखंच. पण कन्हानला, तिच्या सासरी, पोचल्यावर महिनाभरात त्या कूलरचा निळा रंग निघाला आणि खालून हिरवा दिसू लागला. मग हिरवाही निघाला, तेव्हा त्याखाली कुठल्याशा मंगल कार्यालयाचं नाव होतं. टोपी घातली दुकानदारानं, नाव गेलं भोयरांचं. तेव्हापासून विहीणबाई, म्हणजे प्रयागबाई, भूमिकानं माहेराहून काहीही आणलं की आधी नखानं खरवडून पाहत. (पेढ्याचा डबासुद्धा.) पोरगी बिचारी मान खाली घालून उभी राही आणि मग गच्चीवर जाऊन आईला फोन करून रडे. गोपाळरावांच्या हे फार जिव्हारी लागलं होतं.

यंदा अधिक महिना आला. जवाई मोहितरावांचा पहिलाच धोंडा. "यावेळेस असा कोरा माल देतो," त्यांनी बायकोला, शोभाताईंना बजावलं, "का इहीनबाईनं नख घासून घासून थकून गेलं पाह्यजे!"

तर फोन आणला, वापरून पाहिला, आणि चौथ्या दिवशी पडद्याच्या मधोमध एक हिरवी रेघ उमटली.

"हिरवाच रंग काहून माह्या मागं लागून राहिला बाप्पा?" असं म्हणत गोपाळराव भर उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, सीताबर्डीच्या सर्व्हिस सेंटरला पोचले. काउंटरवर वेदिका नावाची मुलगी होती.

"वॉरंटीत आहे, काका. बदलून मिळेल."

"नवा?"

"नवा किंवा नव्यासारखा."

गोपाळराव सिंचन खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. एका 'किंवा'वर त्यांनी भल्याभल्यांच्या फायली वर्षवर्ष अडवलेल्या. ते सरसावून बसले.

"नव्यासारखा म्हंजे?"

"रिफर्बिश्ड. कुणीतरी परत केलेला असतो. कंपनी दुरुस्त करते, तपासते, पॉलिश करते."

"म्हंजे रंग मारलेला कूलर!"

"काय?"

"काही नाही. मले थे 'किंवा'च्या अलीकडचं पाह्यजे."

"ते आमच्या हातात नसतं, काका. वरून साधा पांढरा डबा येतो. आत नवा आहे की नव्यासारखा, आम्हालाही कळत नाही."

"बाई, मांडवात एक नवरदेव आला अन् एक नवरदेवासारखा आला, तं पोरगी कोनाले द्याची?"

वेदिकासाठी त्याच महिन्यात स्थळं पाहणं चालू होतं. त्यामुळे ती हसली नाही, विचारात पडली.

मग गोपाळरावांनी ठाण मांडलं. चपला काढून सोफ्यावर मांडी घातली, शोभाताईंनी दिलेला जेवणाचा डबा उघडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कूलरची कथा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. दुपारपर्यंत सगळं गिऱ्हाईक काउंटरवर एकच विचारू लागलं, "नवा का नव्यासारखा?" एका म्हातारबुवांनी तर फक्त चार्जर आणला होता. शेवटी मॅनेजर अंकुश बाहेर आला. एसीतही त्याला घाम फुटला होता. त्यानं कुठेकुठे फोन लावले, हात जोडले, आणि संध्याकाळी कंपनीचा खराखुरा, रंगीत, सीलबंद डबा गोपाळरावांच्या हातात ठेवला. "घ्या काका. नवा. आता डबा आवरा."

गोपाळराव लढाई जिंकून निघाले आणि वाटेत इतवारीत थांबले. अनारशांसाठी घेतलेलं तांब्याचं ताट तिथल्या भांड्याच्या दुकानात नाव टाकायला दिलं होतं. नत्थू आपल्या छोट्या मशीननं घुर्रर्र करत ताटावर अक्षरं उमटवत होता. ते पाहता पाहता गोपाळरावांच्या डोक्यात ट्यूब पेटली. उद्या हा फोन बिघडला, भोळे जवाईबापू तो घेऊन गेले आणि त्या लोकांनी पांढरा डबा हातावर टेकवला तर? शोभाताईंची एक वाटी आजवर कुठल्या पंगतीतून बदलून आली नाही. का? तर नाव!

"काय गा नत्थू, यावर बी टाकून दे."

"काका, सील आहे याले. तोडू?"

"तोड ना मंग! डब्यावर थोडी टाकाचं आहे नाव?"

नत्थूनं फोनच्या पाठीवर सुबक अक्षरांत कोरलं: 'चि. मोहितराव यांस धोंड्यानिमित्त सप्रेम भेट. गो. ना. भोयर.' थोडी जागा उरली, तेव्हा गोपाळरावांनी आणखी एक ओळ घालायला लावली.

शनिवारी मंडळी जेवायला आली. पुरणाचे धोंडे झाले, ओवाळणं झालं, अनारशांचं ताट आणि त्यावर फोनचा डबा मोहितरावांच्या हातात गेला. भूमिकाचा चेहरा आज किती दिवसांनी फुलला होता! प्रयागबाईंनी चष्मा लावला, डब्याचं तुटलेलं सील पाहिलं, फोन उलटा केला आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली.

"'फोन नवीन आहे.'"

प्रयागबाईंनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं.

"नव्या वस्तूवर असं लिव्हा लागते का वं, भूमिका?"

"बिल आहे ना, इहीनबाई!" गोपाळराव ओरडले.

"बिल तं कूलरचं बी होतं."

भूमिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून गोपाळरावांचं डोकं फिरलं. त्यांनी सगळ्यांना ऑटोत कोंबलं आणि थेट सीताबर्डी गाठली.

"सांग बाई यायले! म्या नेला थो नवा होता का नव्यासारखा?"

"नवा होता. सीलबंद. माझ्यासमोर दिला," वेदिका म्हणाली.

"आयकलं?" गोपाळरावांची छाती फुगली. "आता याच्यावर लिव्हाचा जरा घोटाळा झाला, तं हा घे अन् दुसरा दे."

वेदिकानं फोन उलटा करून वाचला. मग पुन्हा वाचला. "काका, याला मशीन लावलंय. याची वॉरंटी गेली."

गोपाळरावांचा आवाज एकदम खाली आला. "नव्यासारखा बी चालन ना, बाई."

"आता नव्यासारखाही नाही मिळत, काका. हे ताट-वाटी असतं तर कुणी मोडीत तरी घेतलं असतं."

प्रयागबाई पदर तोंडाला लावून अशा हसत सुटल्या की त्यांना पाणी पाजावं लागलं. "काहो इवाईबुवा, कूलर जुन्याचा नवा करून देला, अन् फोन नव्याचा जुना!" आणि हसता हसता त्यांनी भूमिकाला जवळ ओढलं. "रडतं काहून वं? बाप तुहा खोटा नाही. येडा आहे."

भूमिकाही डोळे पुसत हसली. मोहितरावांनी सासऱ्याची लाज राखायला शेजारच्या दुकानातून पाठ झाकणारं काळं कव्हर मागितलं. प्रयागबाईंनी ते परत करायला लावलं.

"आरपार दिसन असं घे. लोकायनं वाचलं पाह्यजे ना, फोन नवीन आहे म्हणून."

कव्हर गोपाळरावांनीच घेऊन दिलं. घेताना प्रयागबाईंनी ते नखानं खरवडून पाहिलं.