चक्रांवरचा कोट

"हे दुसरं चक्र बेंबीखाली हवं होतं," बाई म्हणाल्या.

पेंटरने घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते. चारच्या बसने त्याला लेकीकडे जायचं होतं. आठ दिवसांची नात त्याने अजून पाहिली नव्हती. भिंतीवर एक उघडा माणूस काढायचा आणि त्याच्या अंगावर सात गोळे द्यायचे, एवढंच तर काम!

"साहेबांनी डावीकडे सांगितलं. प्लीहेवर."

"त्यांचं पुस्तक जुनं आहे."

"जुनं म्हणजे मूळ!" साहेब आतून गरजले.

नवराबायको दोघंही चक्रांची ही विद्या परदेशी गुरूंकडून शिकले होते. गुरू दोन, पंथ दोन. पोट मात्र सगळ्यांना एकच असतं, याची चौकशी कोणत्याच गुरूने केलेली दिसत नव्हती. संध्याकाळी त्यांच्या चक्रोपचार केंद्राचं उद्घाटन होतं आणि भिंतीवरच्या माणसाचं चक्र बेंबी ते बरगडी अशा खेपा घालत होतं.

मग रंगांवरून जुंपली. बाईंना इंद्रधनुष्य हवं होतं. साहेबांच्या मते ते लहान मुलांचं खूळ. तेवढ्यात बाईंना आपल्या कोर्सातलं आठवं चक्र आठवलं, डोक्याच्या वीतभर वर.

"बाई, तिथे छत लागतंय."

"मग माणूस बुटका करा."

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटेत किती चक्रं लागली, ते त्याने मोजलं नाही. पुसलेल्या गोळ्यांनी माणूस गोवर आल्यासारखा दिसत होता. साडेतीनला दोघं पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत भांडायला गेले. पेंटरने उभा जन्म शिंप्यांच्या पाट्या रंगवण्यात घालवला होता. त्याने मोठा ब्रश उचलला आणि त्या माणसाला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत झकास काळा कोट चढवला. डाग झाकले, लाजही झाकली.

दोघं बाहेर आले. तोच दारातून एक आजोबा आत आले. त्यांनी भिंत निरखली.

"वा, फिटिंग छान आहे! माप कोण घेतं?"

पहिलंच गिऱ्हाईक! माप म्हणजे चक्रांचंच, असं धरून बाई पुढे धावल्या. "मी घेते ना! या, उजवा हात वर करा."

"आधी डावा!" साहेब ओरडले.

पेंटर जिना उतरला. बस उभी होती. वरून आजोबांचा आवाज आला, "ते तुमचं तुम्ही ठरवा हो. ट्रायलला कधी येऊ?"