खोबरेल लावलेला पट्टा

गाडीचं दुखणं आपण स्वतः ओळखायचं आणि स्वतःच बरं करायचं, असं भाईंनी त्या बुधवारी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं. ऐकायला त्यांची बायको कावेरी एकटीच होती, पण भाईंचा आवाज सभेतला होता. उभा जन्म ओरोसच्या कचेरीत फायलींची दुखणी ओळखण्यात गेलेला माणूस. त्याला एका रबरी पट्ट्याची काय पत्रास?

दुखणं असं, की गाडी सुरू केली रे केली की बॉनेटखालून किंकाळी उठायची. तेल संपलेल्या रहाटासारखी, आणि चढावर तर दुप्पट. गाडी जुनी होती, आवाज होणारच, असं म्हणून भाईंनी तो बरेच दिवस चालवून घेतला. पण आता पाणी गळ्याशी आलं होतं, आणि ते का आलं हे कावेरीला सांगण्यासारखं नव्हतं.

भाईंचं घर कट्टा-मालवण रस्त्याला लागून. फाटकातून उजवीकडे वळलं की कट्टा आणि पुढे ओरोस, डावीकडे वळलं की मालवण. दर बुधवारी भाई पेन्शनच्या कागदांसाठी ओरोसला जातो म्हणून निघत आणि गुपचूप डावीकडे वळत. मालवणात संजना नावाच्या बाईची खानावळ होती. तिथे गरम तव्यावरचा बांगडा भाईंची वाट बघत असे.

रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी भाईंचं तळलेलं बंद केलं होतं. तेही एक वेळ सोसलं असतं. पण कावेरीने त्याच दिवशी सांगून टाकलं, "तुमका नाय तर माका पण नको. ह्या घरात आता मासो येवचो नाय." मालवणात जन्मलेल्या बाईने नवऱ्यासाठी मासे सोडले! भाईंना ते इतकं लागलं, की बांगड्याच्या पहिल्या घासाला दर वेळी त्यांचे डोळे भरून येत. दुसऱ्या घासाला ते डोळे पुसत आणि संजनाला आणखी एक तुकडा टाकायला सांगत.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. पण गेल्या बुधवारी कोपऱ्यावरच्या दुकानदार शंकरने, कावेरी शेजारी उभी असताना, भाईंना विचारलं होतं की तुम्ही गेलात ओरोसला, मग तुमच्या गाडीचा आवाज मालवणच्या वाटेवरून कसा ऐकू आला. भाई म्हणाले, वारा फिरला असेल. वारा दर बुधवारी फिरणार नव्हता. म्हणून ही दुरुस्ती.

फोनवरच्या व्हिडिओत एक तरुण सांगत होता, इंजिन चालू ठेवा आणि पट्ट्यावर पाणी शिंपडा. आवाज गेला तर पट्टा किंवा पुली वाकडी बसली आहे. आवाज वाढला तर पट्टा ढिला आहे, तो ताणून घ्या. भाईंनी देवघरातला तांब्या आणला, बॉनेट उघडलं आणि चुळकाभर पाणी शिंपडलं. कावेरीने पडवीतून विचारलं की आज गाडीची पूजा कशासाठी. उत्तर देण्याआधीच गाडीने अशी किंकाळी फोडली की फणसावरचे कावळे उठले.

निदान पक्कं झालं, पट्टा ढिला. इथपर्यंत भाईंचं काहीही चुकलं नव्हतं. पट्टा ताणायचा म्हणजे खालचा नट सैल करायचा, आणि तो नट खाऱ्या हवेने असा गंजला होता की पाना निसटला आणि भाईंच्या बोटांची सालं निघाली. मग त्यांनी व्हिडिओ बंद केला आणि स्वतःचं डोकं चालवलं. जे पाण्याने वाढतं ते तेलाने उतरणारच. घरात कुरकुरणाऱ्या दाराला खोबरेल, झोपाळ्याच्या कड्यांना खोबरेल, विहिरीच्या रहाटाला खोबरेल. गाडी काय आभाळातून पडली होती? त्यांनी कावेरीला तेलाची बाटली आणायला सांगितली आणि पट्ट्याच्या सगळ्या खाचांतून, डोक्याला चोळावं तसं, मनापासून तेल चोळलं.

गाडी सुरू केली, तर आवाज नाही! भाईंनी कावेरीकडे विजयी नजरेने पाहिलं. तिचा चेहरा मात्र उतरला होता. पण फाटकाशी गाडी चढाला लागली आणि तेलकट पट्टा असा सरकू लागला, की आधीची किंकाळी ही नुसती गुणगुण वाटावी. कावेरी लगबगीने फाटकापर्यंत आली आणि खिडकीतून म्हणाली, "ऱ्हवांदे हो तो आवाज. तुमी सुखरूप येतात तां माका लांबसून कळता."

भाईंना भडभडून आलं. ही बाई आपल्या गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसते, आणि आपण? लाजेने त्यांनी गाडी खरोखरच उजवीकडे वळवली.

कट्ट्याच्या बाजारात पोचेपर्यंत बॅटरीचा लाल दिवा लागला, इंजिनाच्या तापाचा काटा वर सरकला आणि एसटी स्टॉपसमोर गाडी बंद पडली. समोरच महादूचं गॅरेज होतं. महादू हा गावातला सगळ्यात मोठ्याने बोलणारा मेकॅनिक. त्याने पट्ट्यावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि तेच बोट घेऊन तो स्टॉपवर गेला. तिथल्या सगळ्यांना त्याने वास घ्यायला लावला. एका बाईने गाडीला गजरा पण घाला म्हणून सुचवलं.

"भाईनु, पट्टो पुलयेक धरून फिरता," महादू परत येऊन म्हणाला. "तेल लावल्यार तो धरतलो खंय?"

हे शेजाऱ्याचं काम, आपण घरी नव्हतो, असं भाईंनी सांगितलं. महादूने ते हसत हसत मान्य केलं, पुल्या पुसल्या, नवा पट्टा चढवून ताणला. जुना पट्टा भाईंनी कागदात गुंडाळून डिकीत ठेवला. कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला काहीही टाकून द्यायची सवय नसते.

आता गाडी मांजरासारखी चालत होती. परतीच्या वाटेवर भाई स्वतःच्याच फाटकासमोरून, मान खाली घालून, मालवणकडे निघून गेले. कोणीही बाहेर आलं नाही. खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण संजनाने पान वाढलं आणि कानात कावेरीचं वाक्य वाजू लागलं. दुसरा तुकडाही त्यांनी खाल्ला, पण चव लागेना. मग त्यांनी ठरवलं, बस झालं, आज सांगून टाकायचं. कावेरीसाठी सुरमईचे दोन तुकडे केळीच्या पानात बांधून घेतले. संजनाने वर जाळ्याच्या निळ्या दोरीची गाठ मारली.

गाडी फणसाखाली थांबली तरी घरातून काही हालचाल नव्हती. भाई पुडकं हातात घेऊन, मनात माफीची वाक्यं जुळवत, मागच्या पडवीत आले.

कावेरी पाटावर बसली होती. समोर मासे विकणारी यमुनाबाई, बाजूला तिची टोपली. दोघींच्या पानात तळलेला बांगडा होता, आणि कावेरीच्या पानात दोन होते.

कावेरीने हातातला घास पानात ठेवला. "तुमी केदवां इलात?" तिने विचारलं. "आवाज नाय आयकलो."

"पट्टो बदललंय," भाई म्हणाले.

लांबून का कळायला हवं होतं, ते भाईंना आता कळलं. त्यांना राग आला, आणि रागाच्या मागोमाग एक सुखसुद्धा, कारण आता रागावण्याचा हक्क त्यांचा होता. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पुडक्यातून तेलाचा एक थेंब त्यांच्या पायावर पडला. कावेरीने थेंबाकडे पाहिलं, मग पुडक्याकडे.

"गाठ आमच्या संजनाची," यमुनाबाई शांतपणे म्हणाली. "माझी सून ती."

भाईंनी पुडकं कावेरीच्या पाटाशी ठेवलं आणि ते पायरीवर बसले. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कावेरी आधी गोरीमोरी झाली, मग तिला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. भाईंच्या छातीवरचं कित्येक बुधवारांचं ओझं उतरलं. तिने सरकून जागा केली, पुडकं सोडलं, एक तुकडा आपल्या पानात घेतला आणि एक यमुनाबाईला वाढला. भाईंना सोलकढी दिली. बुधवारी दोघांनी मिळून कालवणातला एकेक तुकडा खायचा, तळलेलं नाही आणि चोरून तर नाहीच, असं तिथल्या तिथे ठरलं.

यमुनाबाई हे मान खाली घालून ऐकत होती. या पडवीत तिचा बांगडा खपत होता, मालवणात तिच्या सुनेचा. जेवण झाल्यावर तिने टोपली डोक्यावर घेतली आणि गाडीपाशी जरा थांबली.

"भाईनु, जुनो पट्टो टाकलात की आसा?"

"आसा. डिकीत."

"मगे तोच परत घाला," यमुनाबाई म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली.